फरकबाई

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी गेल्याचा मेसेज आला की मी आधी क्रियापद बघतो. 'एक्स्पायर झाले' असं असेल तर मेसेज टाकणारा मागच्या टॉवरमधला, नाहीतर नुकता भाड्याने आलेला. साधं 'वारले' किंवा इंग्रजीत 'डाइड' असेल तर माणूस आमच्या पिंपळाच्या चाळीतला, आणि लोखंडेबाईंच्या हाताखालून गेलेला. "एक्स्पायर औषध होतं, पासपोर्ट होतो. माणूस मरतो," असं बाई म्हणायच्या. एकदा चाळीतल्या एका बँकवाल्याने त्यांना डिक्शनरी उघडून दाखवली होती, की बघा, एक्स्पायरचा मरणे असाही अर्थ दिलाय. बाईंनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "असेल. डिक्शनरीच्या घरी कुणी मेलेलं नाही."

लोखंडेबाई काळाचौकीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत राहायच्या. आधी वडिलांसोबत, वडील गेल्यावर एकट्या. मी त्यांच्या खालच्या मजल्यावरचा परब. त्यांचा विद्यार्थी, तोही मागच्या बाकावरचा. पुढे मी बोर्ड रंगवणारा पेंटर झालो, आणि ब्रशवर पोट भरेनासं झालं तेव्हा लालबागला फ्लेक्सचं दुकान टाकलं. त्यामुळे दहावीनंतरही बाईंची माझ्यापासून सुटका झाली नाही. दुकानात इंग्रजी मजकूर आला की मी जिना चढून वर.

बुटक्या, सावळ्या, पाठ ताठ. कडक इस्त्रीच्या सुती साड्या, खांद्यावर पिन, आणि मनगटावर वडिलांचं भलंमोठं पुरुषी घड्याळ. चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसायचा, खडू असायचे. चष्मा डोक्यावर, आणि तो सगळ्या घरभर शोधत. आवाज इतका बारीक की वर्गात शेवटच्या बाकापर्यंत तो पोचायचाच नाही, म्हणून आम्ही मागचे गप्प बसून कान द्यायचो. छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. तिची गरजच पडायची नाही, कारण त्यांच्याकडे एक वाक्य होतं. "फरक सांग."

अर्थ त्या विचारायच्याच नाहीत. म्हणायच्या, "अर्थ गाइडमध्ये मिळतो. फरक मिळत नाही, तो राहून कळतो." दोन जवळजवळ सारखे शब्द फळ्यावर लिहायच्या आणि कुणावर तरी बोट ठेवायच्या. उदाहरण आपल्या गल्लीतलंच पाहिजे, ही अट. लंडन-बिंडन चालायचं नाही. गेस्ट आणि व्हिजिटर यांत काय फरक, असं विचारल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला होता, "बाई, गेस्ट आला की आई पोहे करते. व्हिजिटर आला की आई म्हणते, हे घरात नाहीत." बाईंनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. शाळेत त्यांचं नाव फरकबाई पडलं ते तेव्हापासून, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

माझ्या दुकानाचा पहिला बोर्ड मी हौसेने लिहिला होता, 'चीप रेट'. बाई येताजाता थांबल्या. "परब, हे काय लिहिलंस?"

"स्वस्त दर, बाई."

"स्वस्त वेगळं आणि हलकं वेगळं, हे तुझ्या आईला भाजी घेताना कळतं ना? चीपमध्ये हलकेपणाचा वास येतो. मराठीत दोन शब्द हाताशी असताना इंग्रजीत जाऊन अडाणी कशाला होतोस?"

मी बोर्ड पुन्हा रंगवला. त्यांचं म्हणणं हेच होतं, की फरक आपल्या लोकांना कळत नाही असं नाही, इंग्रजी आलं की आपण घाबरून तो कळल्याचं विसरतो. आणि घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही विकतं.

ही घाबरण्याची गोष्ट त्या उगाच सांगत नसत. त्यांचे वडील गिरणीत सूतखात्यात होते. आजोबाही तिथेच. आजोबांना साच्यावर, म्हणजे कापड विणायला, कधीच घेतलं नाही, कारण साचेवाला धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घेतो, आणि लोखंड्यांच्या तोंडचं सूत बाकीच्यांना चाललं नसतं. असं उघड कुणी बोललं नाही. "तुझ्या तब्येतीला सूतखातं बरं," असं मुकादमाने प्रेमाने सांगितलं. बाई म्हणायच्या, "वेगळं काढताना कारण नेहमी सभ्य असतं." पुढे बाई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गिरणीच्या गेटवर इंग्रजीतून नोटीस लागली. वडिलांनी त्यांना हाताला धरून नेलं, तिथे शे-दोनशे माणसं जमलेली, आणि सगळ्यांनी या मुलीला पुढे केलं, वाच म्हणाले. त्यांनी वाचलं आणि सांगितलं, "गिरणी बंद आहे." माणसं घरी गेली आणि उघडण्याची वाट बघत बसली. नोटिशीत लॉकआउट नव्हतं, क्लोजर होतं. टाळं लावलेलं उघडतं, हे उघडणार नव्हतं. आमच्याकडे दोन्हीला बंदच म्हणतात. वडील बरेच महिने डबा भरून गेटपर्यंत जाऊन यायचे. ही हकिकत बाईंनी मला एकदाच सांगितली आणि नंतर खिडकीतून खाली कुणाला तरी विनाकारण ओरडल्या.

म्हणून तो फळा. चाळीत जिन्याखाली एक फळा होता. पाणी उशिरा येणार, सत्यनारायणाची पूजा, मीटिंग, आणि कुणी गेलं तर नाव आणि अंत्ययात्रेची वेळ, असं सगळं त्यावर लिहिलं जाई. चाळीत कुणी गेलं की घरोघरी सांगत फिरावं लागत नसे. जिना उतरणारा प्रत्येकजण वाचायचा आणि तिथूनच माघारी वळून त्या घरी जायचा. या फळ्याचा वरचा कोपरा बाईंनी मागून घेतला. रोज सकाळी दोन इंग्रजी शब्द आणि खाली मराठीत फरक. उदाहरणाला चाळीतलीच माणसं. शिळा शब्द त्यांना चालत नसे, कालचा पुसल्याशिवाय त्या पायरी उतरत नसत.

एक दिवस लिहिलं, क्युरिअस आणि नोझी. क्युरिअस म्हणजे चौकस, नोझी म्हणजे भोचक. उदाहरण: 'आपल्या सावंतवहिनी चौकस आहेत.' सावंतवहिनी पहिल्या मजल्यावरच्या, मालवणकडच्या, अंगाने भरलेल्या आणि जिभेने त्याहून. त्या तडक वर गेल्या. आम्ही सगळे कठड्याला.

"गो बाये, माका भोचक म्हणतंस काय?"

"तुम्हाला चौकस म्हटलंय, वहिनी. खाली जाऊन नीट वाचा."

"मगे भोचक कोण?"

"ते मी लिहिलेलं नाही."

वहिनी खाली आल्या, पुन्हा वाचलं, आणि मग आठवडाभर चाळीत एकच चर्चा, भोचक कोण. वहिनींनी स्वतः चौकशी करून तीन नावं काढली. त्या दिवसापासून त्या फळ्याच्या राखणदार झाल्या. पोरांनी चेंडू मारला, कुणी ओला हात पुसला की वहिनी दारातूनच हाक घालायच्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना रोज सकाळी उभ्या राहून खालचं मराठी वाचायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या. सावंतकाका शिवडीला गोदामात कामाला होते, मितभाषी माणूस. ते फक्त "हं" म्हणायचे.

शाळेतली हकिकत मात्र मी ऐकली नाही, पाहिली. आम्ही नववीत होतो. संस्थेचे एक ट्रस्टी वार्षिक समारंभाला येणार होते. आम्हाला मैदानात रांगांनी बसवलेलं, वर ऊन. ट्रस्टी काही येईनात. लहान वर्गातली एक मुलगी चक्कर येऊन पडली. बाई उठल्या, माईकपाशी गेल्या, आणि त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, घरी जा." मैदान रिकामं झालं आणि मग ट्रस्टींची गाडी आली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर बाईंना माफी मागायला सांगितली. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, रिग्रेट आणि अपॉलॉजी. मग वळून म्हणाल्या, "मुलं उन्हात बसली, याबद्दल मला रिग्रेट आहे. त्यांना घरी पाठवलं, त्याबद्दल अपॉलॉजी नाही. फरक कुणाला समजला नसेल तर मधल्या सुट्टीत भेटा." हेडमास्तरांनी त्यांना वर्षानुवर्षं दुपारच्या अधिवेशनात टाकलं. त्यांनी त्याबद्दल कधी अर्ज केला नाही, तक्रारही नाही. फक्त हेडमास्तर दिसले की "गुड मॉर्निंग" ऐवजी "गुड आफ्टरनून" म्हणायच्या, सकाळीसुद्धा.

मग चाळ पाडली. बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून आम्ही परत आलो ते आमच्याच जागेवर, पण बावीस मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये. आमच्या मागे, आमच्याहून दुप्पट उंच, विक्रीचा टॉवर. त्याचं नाव इतकं अवघड की टॅक्सीवाल्याला अजूनही 'पिंपळाची चाळ' सांगावं लागतं. दोन्हींचं आवार एक, आणि पुढच्या रस्त्यावर गेटही एकच. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी जपून ठेवलेला फळा लॉबीत लावला. टॉवरच्या ऑफिसातून माणूस आला आणि लॉबीचा लूक बिघडतो म्हणून तो काढून पंपाच्या खोलीत ठेवून गेला. मेसेजसाठी ग्रुप आहे ना, असं म्हणाला. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. वहिनी मात्र बऱ्याच बोलल्या, आणि ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

काही महिन्यांनी मागच्या गल्लीत दुसरं गेट उघडलं, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. आणि दोन बोर्डांची ऑर्डर नेमकी माझ्या दुकानात आली. पुढच्या गेटला: रेसिडेंट्स ओन्ली. मागच्या गेटला: सर्व्हिस, डिलिव्हरी अँड रिहॅब. रिहॅब म्हणजे पुनर्वसनवाले, म्हणजे आम्ही. ऑर्डर घेऊन आलेला इस्टेट मॅनेजर मंदार, आपल्यातलाच, डोंबिवलीचा, कपड्यांना घडी आणि बोलण्याला साखर. मी मजकूर घेऊन बाईंकडे गेलो. ऑर्डर परत करतो म्हटलं.

"घे," बाई म्हणाल्या. "तू नाही छापलास तर दुसरा कुणी चुकीच्या स्पेलिंगसकट छापेल. निदान आपला अपमान तरी शुद्ध असू दे."

मी म्हटलं, "बाई, मागून फिरून यायचं म्हणजे अख्खी गल्ली. वहिनींचे गुडघे बघा. आणि पावसाळ्यात तिथे ढोपरभर पाणी असतं."

"गुडघ्यांचं मी समजू शकते. रेसिडेंट म्हणजे राहणारा. मग आपण कोण? आपण राहतो की आपल्याला ठेवलंय?" त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. तो डोक्यावर होता, मी सांगितलं नाही, कारण त्या रागावल्या होत्या आणि शोधण्यात त्यांचा राग थोडा खर्च होत होता.

मीटिंग झाली. मंदार फार छान बोलला. तुम्हाला अकोमोडेट करतोय, सहकार्य करा, दोन्ही बाजूंच्या सोयीसाठी आहे, सीनिअर सिटिझन्सबद्दल मला अतिशय आदर आहे. आमच्यातलेच कितीतरी जण मान डोलवत होते. फुकटात एवढा मोठा फ्लॅट मिळालाय, कशाला वाकड्यात शिरा, असं एकजण माझ्या कानाशी म्हणाला, ते पुढे बसलेल्या बाईंना ऐकू गेलं. बाई उठल्या. "मंदार, तुम्ही पोलाइट आहात. काइंड आहात की नाही ते मला अजून कळायचंय."

"मॅडम, दोन्ही एकच ना?"

"आमच्या आजोबांशी मुकादम पोलाइट होता," बाई म्हणाल्या आणि बसल्या. मंदारला आजोबा माहीत नव्हते, त्यामुळे त्याने हसून पुढचा मुद्दा घेतला. फुकटात मिळालं म्हणणाऱ्याकडे बाईंनी जाताना पाहिलं. "फुकट नाही रे. आपण जागा दिली, त्यांनी घर दिलं. गिफ्ट आणि एक्स्चेंज यांतला फरक शाळेत सांगितला होता मी तुला."

तरी बोर्ड लागले. वॉचमन यादवजी पुढच्या गेटवर आम्हाला अडवायचा, पण अवघडून. बाईंना तो अडवत नसे, कारण मधल्या काळात त्या त्याला रोज एक वाक्य इंग्रजी शिकवत होत्या. बाकीचे हळूहळू मागून जायला लागले. सवय लागते माणसाला. मलाही लागली, हे बाईंना अजिबात आवडलं नव्हतं.

आणि मग सावंतकाका गेले. पहाटे, झोपेत. वहिनींच्या मुलाने ग्रुपवर मेसेज टाकला, 'पप्पा एक्स्पायर्ड'. चाळीतले निम्मे म्हातारे ग्रुप बघत नाहीत, उरलेल्यांनी बघितला तेव्हा आठ वाजले होते. ज्या घरी चाळीत पाच मिनिटांत साठ माणसं जमली असती, तिथे सकाळी आम्ही सहा-सात जण. वहिनी दाराकडे बघत बसलेल्या. "लोकांका कळूक नाय काय?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. बाई ते ऐकून उठल्या, लिफ्टने खाली गेल्या, पंपाच्या खोलीतून फळा ओढत आणला आणि लॉबीच्या मधोमध भिंतीला टेकवून उभा केला. लिहिलं: 'सावंतकाका वारले. दहा वाजता निघायचं आहे. पुढच्या गेटने.' शेवटचं वाक्य कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पावणेदहापर्यंत लॉबी भरली.

तिरडी खाली आली. शववाहिनी पुढच्या रस्त्यावर उभी होती. गेटचा दांडा खाली, यादवजी केबिनमध्ये, आणि मंदार मध्ये उभा. खरं तर घामाघूम झाला होता तो, वरून फोन येत असणार.

"मॅडम, प्लीज. बॉडी सर्व्हिस गेटने न्यायची असं ठरलंय. समोर लहान मुलं असतात, लोक ऑफिसला निघतात."

बाई त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीपर्यंत येत होत्या. "कुणाची बॉडी?"

"म्हणजे, सावंतांची."

"सावंत इथे कोण होते?"

मंदारने कपाळाचा घाम पुसला.

"शब्द तुमच्याच बोर्डावर आहे. परबने छापलाय. वाचा."

मंदारने वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रेसिडेंट्स ओन्ली.

"काल रात्रीपर्यंत रेसिडेंट होते. एका रात्रीत सामान झाले? मागचं गेट डिलिव्हरीचं आहे. यांची डिलिव्हरी कुणाला द्यायची आहे?" आवाज तोच, बारीक, आणि आम्ही मागचे पुन्हा कान देऊन उभे. "मंदार, तुमचे वडील आहेत?"

"नाही, मॅडम. तीन वर्षं झाली."

"त्यांना कुठल्या दाराने नेलंत?"

तो खाली बघायला लागला. मला त्याची दया आली, आणि बाईंनाही आली असावी, कारण त्यांनी त्याला उत्तर द्यायला लावलं नाही. म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही. निरोप्या वेगळा आणि निरोप देणारा वेगळा, एवढा फरक मला कळतो. पण तुम्ही बाजूला व्हा. आमच्या घराण्याला वेगळ्या दाराचा अनुभव पिढ्यांचा आहे. तो आम्ही या जागेवर पुन्हा घेणार नाही, आणि मेल्यावर तर नाहीच."

तेवढ्यात मागून वहिनी पुढे आल्या. बायका सहसा गेटपर्यंत येत नाहीत, त्या आल्या. "आमचो माणूस जन्मभर पुढच्या दारान गेलो-इलो. आता मागच्या दारान जाऊचो नाय." एवढं बोलून त्या तिरडीशेजारी उभ्या राहिल्या.

यादवजी बटनाकडे हात नेत होता. बाईंनी त्याला थांबवलं. "आप नहीं. आपकी नौकरी जाएगी." त्या केबिनमध्ये गेल्या आणि विचारलं, कौन सा. यादवजीने फक्त हिरव्या बटनावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. बाईंनी बटन दाबलं. दांडा वर गेला. टॉवरमधली एक बाई शाळेच्या बससाठी मुलाला घेऊन उभी होती. तिने पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. मुलानेही जोडले. सावंतकाका पुढच्या गेटने गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या नावे टॉवरच्या असोसिएशनचं पत्र आलं, नियमभंगाबद्दल. बाईंनी उत्तर फळ्यावर दिलं, आणि फळा लॉबीत नाही, पुढच्या गेटशेजारी आवाराच्या भिंतीवर लावला, सगळ्या गाड्यांना दिसेल असा. शब्द: रिक्वेस्ट आणि ऑर्डर. फळा दुपारी गायब झाला. दुसऱ्या सकाळी बाई पाटी घेऊन आल्या. ती गेली तेव्हा वहिनींनी घरातला जेवायला बसायचा पाट आणला, उलटा टेकवला, आणि बाईंनी त्यावर लिहिलं. पाट न्यायला आलेल्या माणसाला वहिनी म्हणाल्या, "घेवन जा. बसान जेव." तो तसाच परत गेला. मग मी प्लायवूडला काळा रंग मारून एक मोठा फळा केला आणि भिंतीत स्क्रूने पक्का बसवला. माझ्या हातून बऱ्याच वर्षांनी ब्रशने झालेलं ते काम.

अडवणं बंद झालं. कुणी जाहीर केलं नाही, नियम अजून कागदावर असेल. आम्ही पुढून जातो, यादवजी सलाम करतो, टॉवरमधली मुलं बस येईपर्यंत फळ्यासमोर उभी राहून फरक वाचतात आणि मराठी अडलं तर वहिनींना विचारतात. मी एकदा बाईंना म्हटलं, "तो रेसिडेंट्स ओन्लीचा बोर्ड काढून टाकू का? शिडी आहे माझ्याकडे."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "राहू दे. बरोबरच लिहिलंय."

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या हृदयाचं दुखणं वाढलं आणि परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. त्या परत आल्या नाहीत. ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, 'लोखंडेबाई डाइड धिस मॉर्निंग'. टॉवरमधल्या एका गृहस्थांनी खाजगीत कळवलं की जरा सौम्य शब्द वापरायला हवा होता. मी त्यांना कळवलं की सौम्य आणि खरं यांत फरक आहे. बाईंना नेताना दांडा मंदारने वर केला, स्वतः उभं राहून. फळा चालू आहे. शब्द मी काढतो, फरकावर वहिनींशी भांडण होतं, मग लिहिला जातो.

पण मला बाई आठवतात त्या हॉस्पिटलात निघाल्या त्या सकाळच्या. ॲम्ब्युलन्सवाल्याला कुणीतरी सवयीने मागच्या गेटला उभं केलं होतं. बाई लॉबीतल्या खुर्चीवरून हलेनात. "पुढे आण म्हणावं. मी पेशंट आहे, पार्सल नाही." गाडी फिरून पुढे येईपर्यंत आम्ही त्यांना खुर्चीसकट गेटपाशी नेलं. त्यांनी कालचे शब्द स्वतः पुसले, साडीच्या पदराने, जे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. धाप लागली होती. लिहिलं, एंड आणि फिनिश. एंडखाली लिहिलं, 'आपोआप होतो.' मग थांबल्या आणि खडू वहिनींपुढे धरला.

"माका इंग्रजी खय येता?" वहिनी म्हणाल्या.

"इंग्रजी मी लिहिलंय. फरक मराठीतच लिहायचा असतो."

"फिनिश म्हणजे काय?"

"तेही संपणंच. पण तुम्ही रात्री ओटा आवरून दिवा घालवता ना, तसं."

ॲम्ब्युलन्सवाला घाई करत होता. बाईंना आत घेतलं, पण त्यांनी दार लावू दिलं नाही, हाताने धरून ठेवलं. वहिनींनी खडू मुठीत घट्ट पकडला आणि फिनिशखाली एकेक अक्षर कोरायला घेतलं. मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या. यादवजीने त्यांना हात दाखवून थांबवलं. वहिनींचा शेवटचा काना काढून होईपर्यंत बाई मान उंचावून बघत होत्या. मग त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, या खेपेला पहिल्याच झटक्यात सापडला, आणि वाचलं: 'करूक लागता.'

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि दार स्वतः ओढून घेतलं.